एक कॅट, एक हात

रीनो, सोमवार, ९ जानेवारी १९८४

मोटेलच्या दाराला कुलूप आहे, साखळी आहे, आणि साखळीखाली मी टेकवलेली खुर्ची आहे. बाहेरच्या बोळातलं बर्फाचं यंत्र थोड्या थोड्या वेळाने खडखडून तुकडे टाकतं आणि प्रत्येक वेळी मला वाटतं, आले. अजून मी काही केलेलं नाही. एक डावसुद्धा खेळलेलो नाही. कोण कशाला येईल?

तेवीस वर्षं या देशात वार्ताहरकी केली. दंगली पाहिल्या, मोर्चे पाहिले, एकदा अश्रुधुरात टंकलेखन यंत्र डोक्यावर धरून पळालो. तेव्हा दाराला खुर्ची लावावी लागली नाही. कारण उघड आहे: दुसऱ्यांनी काय केलं ते मी लिहीत होतो. आता एकावन्नाव्या वर्षी, हाकलून देतात अशा जागी, प्रथमच स्वतः काही करायला निघालोय.

ही वही हेस्टरने निघताना दिली. कापडी बांधणी, जाड कागद. देताना म्हणाली, “त्र्यंबक, हिचे तरी कोपरे दुमडू नकोस.” ती शाळेच्या ग्रंथालयात आहे. या देशात माझ्या नावातला ‘त्र्य’ नीट उच्चारणारी ती एकटी, आणि माझ्याकडून नियमित दंड वसूल करणारीही एकटी. तिला सांगितलंय की नेव्हाडातल्या, स्पेनच्या डोंगरांतून आलेल्या बास्क मेंढपाळांवर लेखमाला लिहायची आहे. मेंढपाळ इथे आहेत, हे खरं. लेखमाला नाही.

आता शास्त्र. ब्लॅकजॅक या एकवीस जुळवायच्या पत्त्यांच्या खेळात दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे लहान पत्ते खेळून संपले, की उरलेल्यांत दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त राहतात, आणि ते आपल्या सोयीचे. म्हणून लहान पत्ता दिसला की मनात एक मिळवायचा, मोठा दिसला की एक वजा. बेरीज चढली की पैज वाढवायची. यात लबाडी नाही, डोळे उघडे ठेवून डोकं चालवणं आहे. वाईच्या पाठशाळेत संथा घोकलेल्या माणसाला हे जड नाही.

न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत दोन वर्षं मी हे पत्त्यांचे आठ कॅट भरलेल्या लांबट पेटीसमोर केलं. तिथे बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. बेरीज आठ, कॅट उरले चार, तर खरी किंमत दोन. आठ कॅटांची पेटी म्हणजे महाकाव्य. दोनचार सर्ग सुमार निघाले तरी कोणी विचारत नाही. इथे एकच कॅट, तोही वाटणाऱ्याच्या मुठीत. हे मुक्तक. दोन मिनिटांत आटोपतं. आणि इथे भागायचं नाही, गुणायचं: अर्धा कॅट उरला असेल तर बेरजेची दुप्पट.

आणखी एक फरक. तिकडे मोजणाऱ्याला कायद्याने हाकलता येत नाही. इथे येतं. नुसतं हाकलतात, असं सभ्य लोक म्हणतात. बाकीचे मागच्या खोलीबद्दल बोलतात. खिडकी नसलेली खोली, टेबल, टेबलावर तुमचा हात, आणि मग… पुढचं लिहीत नाही. लिहिलं की दिसायला लागतं.

बुधवार, ११ जानेवारी

‘कॉपर क्वेल’ नावाचा जुगाराचा क्लब. सकाळी दहाला गेलो, तेव्हा गर्दी नसते. एका टेबलापाशी साठीकडे झुकलेली बाई हिरव्या बनातीवर कॅट पिसत होती. बिल्ल्यावर नाव ग्राशी आणि खाली गाव विनेमका. इथे सगळ्यांच्या बिल्ल्यावर गाव असतं.

पत्ते आले ते पालथे. अटलांटिक सिटीत ते उताणे पडतात आणि खेळणाऱ्याने त्यांना बोट लावायचं नसतं. दोन वर्षांत मी एकाही पत्त्याला शिवलेलो नव्हतो. मी ते दोन्ही हातांनी उचलले, तीर्थ घ्यावं तसे.

“एक हात!” ती म्हणाली.

“काय?”

“पत्त्यांना एकच हात लावायचा. दुसरा खिशात ठेव, बायकोच्या खांद्यावर ठेव, मला काय त्याचं. पूर्वेकडचा का रे तू?”

“न्यू जर्सी.”

“वाटलंच. तिकडे म्हणे पत्ते लांबून बघायचे असतात. नाव काय?”

“टिम,” मी म्हणालो. हे माझं टोपणनाव, की त्र्यंबकचं झालेलं पोतेरं, हे मलाही आता सांगता येत नाही.

“हे बघ टिम. पत्ता हवा असला की हातातले पत्ते बनातीवर असे खाजव. नको असला की पैजेच्या चकत्यांखाली सरकव. बोलायचं नाही, खुणवायचं. आणि घाम पूस, लेका. दातांच्या डॉक्टरकडे नाही आलास.”

घाम पुसण्याच्या नादात गुणाकार चुकला. बेरीज चार, अर्धा कॅट शिल्लक. उत्तर आठ हवं. दोन वर्षांच्या सवयीने मनाने भागून दोन काढलं आणि मी भिऊन लहान पैज लावली. लागोपाठ चार वेळा हेच. सवय ही गोष्ट डोक्यात नसतेच, कुठेतरी खाली असते. तिला काढायचं म्हणजे आधी ती कुठे बसली आहे ते कळायला हवं.

एका सुखाची मात्र कबुली देतो. पत्ता हातात धरण्याचं सुख. एक्का आला की डोळ्यांआधी बोटांना कळतो, आणि अंगठा आपणहून त्याच्या कोपऱ्यावर जाऊन बसतो. जुनी ओळख निघावी तसा.

शनिवार, १४ जानेवारी

गुणाकार बसला. दोन दिवस खोलीत पलंगावर कॅट मांडून अक्षरशः घोकला.

दुपारी जेवायला बास्क खानावळीत गेलो. लांब टेबल, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून, मधे सूपचं पातेलं, घेवडा, मेंढीच्या मटणाचा रस्सा. समोरच ग्राशी येऊन बसली. तिची कामाची पाळी संपली होती. तिने पेल्यात बर्फ मागवला आणि त्यात आधी बोटं बुडवली, मग वाइन ओतली.

“बघू नकोस असा. स्वच्छ आहेत.”

“दुखतात?”

“एकतीस वर्षं पिसतेय. सांधे म्हणतात, आता पुरे.” ती पुढे वाकली. “वेंडेलला सांगशील तर याद राख. बोटं गेली असं त्याला कळलं तर मला उद्या गिऱ्हाइकांचे कोट सांभाळायच्या खिडकीत बसवेल.”

वेंडेल स्ट्रँड म्हणजे टेबलांमागे उभा राहणारा मुकादम. उंच, मवाळ, कधी आवाज न चढवणारा. मला अशा माणसांची जास्त भीती वाटते.

मग तिने आणखी एक सांगितलं. इथे क्लबात काम करायला पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या टेबलावर कोणी दोघांनी पत्ते बदलले. तिचा काही संबंध नव्हता, पण चौकशी संपेपर्यंत कार्ड गेलं. चौदा महिने घरी. शेजारणी रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या.

“परत मिळालं ना?”

“मिळालं. पण कार्ड दुसऱ्यांदा गेलं तर परत येत नाही. आणि या गावात मला पत्त्यांशिवाय काय येतं? मेंढ्याही राखता येत नाहीत. बाप राखायचा, मला त्यांचा वास सहन व्हायचा नाही.” आणि मोठ्याने हसली.

मी हसलो, पण मन हिशेबात होतं. बोटं दुखतात म्हणून ती पिसायचं टाळते. बाकीचे अर्धा कॅट झाला की गोळा करतात. ती आणखी एक डाव वाटते, कधी दोन. मोजणाऱ्याला तो जास्तीचा डाव म्हणजे सगळं काही: उरलेले पत्ते जितके थोडे, तितकी मोजणी पक्की. म्हणून सोमवारपासून फक्त तिच्याच टेबलावर बसायचं ठरवलंय.

यात तिचं काही बिघडत नाही. धोका आहे तो माझ्या हाताला. हे मी दोनदा तपासून पाहिलं.

बुधवार, १८ जानेवारी

तीन दिवस सलग जिंकतोय. आणि आज स्ट्रँडच्या लक्षात आलं.

मी मोठी पैज लावली, एक्का आणि राजा आले, म्हणजे थेट एकवीस, डाव तिथेच मिटला. स्ट्रँड शांतपणे आला, टेबलावरचा कॅट उचलून घेतला आणि नवा, वेष्टनातला, ग्राशीपुढे ठेवला. जुना खिशात. अर्ध्या तासाने पुन्हा. दुपारपर्यंत तिसऱ्यांदा.

मोजणाऱ्याला बिचकवण्याची ही रीत असणार. माझ्या ओठांकडे बघत असेल, पुटपुटतो की काय म्हणून. पाठशाळेत गुरुजीही असेच ओठांकडे बघायचे, पण पुटपुटत नाही म्हणून. मी लगेच वेश पालटला. आल्याचं सरबत मागवून ते व्हिस्की असल्यासारखं प्यायलो. खुर्चीवर डुललो. पेंगणाऱ्या शेजाऱ्याला माझ्या पहिल्या बर्फवृष्टीची हकीकत सांगितली. ती सांगता सांगता मनात बेरीज चालू. इतकी शुद्ध मोजणी मी आयुष्यात केली नव्हती. चेहऱ्यावर काही नव्हतं. डोळे स्थिर होते.

तरीही तो बघतच होता. आणि चेहऱ्याकडे नव्हे, जरा खाली, छातीच्या जवळपास. हृदयाची धडधड शर्टावरून दिसत असेल का? उद्यापासून जाड स्वेटर.

ग्राशी पत्ते वाटताना हळूच म्हणाली, “पत्ते जरा अलगद धर रे टिम. बाजारात कोंबडी धरल्यासारखा काय धरतोस?”

तिचा स्वभावच टोचून बोलण्याचा.

गुरुवार, १९ जानेवारी

हेस्टरला फोन केला.

“मेंढपाळ कसे आहेत?”

“अबोल.”

“तुला चाळीस मिनिटं सहन करणारा कोणीही अबोलच वाटेल. ऐक, तू नोव्हेंबरात नेलेलं वनस्पतींचं पुस्तक परत आलं. अकरा कोपरे, त्र्यंबक. अकरा! त्यातले चार फक्त ओकच्या झाडांचे. ओकमध्ये एवढं काय आवडलं तुला?”

“मी दुमडले नसतील.”

“तू कधीच दुमडत नाहीस. दर वेळी तेच म्हणतोस. मग बघतोस आणि गप्प बसतोस.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ वाटत राहिलं की तिला खरं सांगावं. मग बर्फाचं यंत्र खडखडलं आणि मी खुर्ची दाराशी ओढली.

सोमवार, २३ जानेवारी

दाराला खुर्ची लावूनच लिहायला बसलोय.

आज टेबलावर बसताना स्ट्रँड समोर आला. “मि. टिम, आपली ओळखच झाली नाही,” म्हणाला आणि हात पुढे केला. मी दिला. त्याने तो सोडला नाही. सावकाश उलटा केला, जसा ज्योतिषी करतो, आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं.

“छान राखलीत नखं.”

“वीणा वाजवतो,” मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. मी वीणा कधी जवळून पाहिलीही नाही.

“असं होय,” स्ट्रँड म्हणाला. “चालू द्या.”

चालू द्या! तो माझ्या हाताचं माप घेत होता. कोणतं बोट आधी, ते ठरवत होता. त्या खोलीबद्दल जे ऐकलंय ते सगळं खरं असणार. पूर्ण वेळ मी एकही पैज वाढवली नाही, तरी कपाळाला दरदरून घाम. छताच्या आरशामागे माणसं बसतात म्हणे. मी वर पाहणं टाळलं, म्हणजे मान अवघडेपर्यंत टाळलं.

आणि एक नवल. एवढा घाबरलेलो असताना एक्का हातात आला आणि एकदम शांत वाटलं. घट्ट धरून बसलो त्याला.

बाहेर पडलो तर राखाडी कोट घातलेला माणूस नदीच्या पुलापर्यंत मागून येत होता. मी थांबलो, तो थांबला. मी पाण्यात थुंकलो, तो बिचारा तसाच निघून गेला. असेल कोणी फिरायला आलेला. नसेलही.

गुरुवार, २६ जानेवारी

ग्राशी खानावळीत आली, पण माझ्यासमोर न बसता मागून जाताना थांबली.

“वेंडेलने विचारलं, मी पत्ते एवढे खोलवर, कॅट संपत येईपर्यंत, का वाटते.”

“तू काय सांगितलंस?”

“सवय म्हणून. टिम, तू माझ्या टेबलावर काय करतोयस?”

“खेळतोय.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पावाच्या तुकड्याकडे. मी त्याची कड दाबून दाबून चपटी केली होती.

“उद्या येऊ नकोस,” ती म्हणाली. “शेवाळासारखा चिकटलायस माझ्या टेबलाला. जा दुसरीकडे. दुसऱ्या क्लबात जा, घरी जा, कुठेही जा.”

खोलीवर येऊन विचार केला. न जाणं शहाणपणाचं दिसतं, पण इथेच नवखे फसतात. संशय आल्याबरोबर गायब होणारा माणूस म्हणजे मोजणाराच, असं मुकादम धरून चालतात. अटलांटिक सिटीतल्या जुन्या मोजणाऱ्यांनी मला हेच शिकवलं: एकदा तरी परत जायचं, साधंसुधं खेळायचं, थोडं हरायचं, हसून निघायचं. म्हणून जाणार. एकदाच. ग्राशीच्याच टेबलावर, कारण जागा बदललेलीही दिसते.

चार वाजलेत. पलंगावर पुन्हा कॅट मांडलाय.

सोमवार, ३० जानेवारी

शुक्रवारचं आज लिहितोय. वही शनिवारी परत मिळाली आणि नंतर दोन दिवस लिहवलं नाही.

सकाळी अकरा वाजता स्ट्रँडने खांद्याला हात लावला. “मि. टिम, पाच मिनिटं.” मागच्या दाराने, बोळातून. खोलीला खिडकी नव्हती, ते बरोबर निघालं. टेबल होतं. टेबलावर प्रकाश पाडणारा दिवा होता. कोपऱ्यात शीतकपाट गुरगुरत होतं, भिंतीवर टायरच्या दुकानाचं कॅलेंडर, आणि खोक्यात उरलेला एक डोनट. हातोडा कुठे आहे ते मी आधी शोधलं. दिसला नाही, म्हणजे खणात असेल असं ठरवलं.

ग्राशी आधीच बसलेली होती. हात मांडीवर. तिचं पोलिसांचं कार्ड टेबलावर, स्ट्रँडच्या बाजूला.

“तेरा कॅट,” स्ट्रँड म्हणाला. “दहा दिवसांतले. सगळे तुम्ही हाताळलेले.” त्याने एकेक पत्ता दिव्याखाली तिरका धरला. “एक्का. हा कोपरा बघा. राजा. तसाच. एक्का. दश्शी. पुन्हा एक्का. दुर्री, तिर्री… काही नाही. पंजीला नाही. फक्त मोठ्यांना.”

कोपऱ्यावर नखाएवढी चंद्रकोर होती, बारीक, खोल. ती मी ओळखली नाही. माझ्या अंगठ्याने ओळखली.

“मोजत असतात लोक,” स्ट्रँड सांगत होता, त्याच मवाळ आवाजात. “त्यांना मी दार दाखवतो, संपलं. पत्त्यांना खुणा करणं वेगळं. त्याला या राज्यात तुरुंग आहे. आणि खुणेचे पत्ते उपयोगी पडायला वाटणारी खोलवर वाटणारी लागते. म्हणजे दोघांचं काम. पोलिसांना फोन केलाय.”

“वेंडेल, मी एकतीस वर्षं…” ग्राशी म्हणाली.

“माहितीये, ग्राशी.”

मोजणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात: खोलीत नेलं तर बोलायचं नाही. नावसुद्धा नाही. गप्प बसणाऱ्याचं ते काही करू शकत नाहीत. मी गप्प बसलो. दोन मिनिटं बसलो असेन. तेवढ्यात दाराशी उभ्या पहारेकऱ्याने माझ्या कोटाची झडती घेतली आणि ही वही स्ट्रँडपुढे टाकली.

त्याने ती उघडली. देवनागरी पाहून भुवया चढल्या.

“सांकेतिक लिपी?”

“मराठी,” मी म्हणालो. तोंडातून आलेला हा पहिला शब्द.

तीन आठवड्यांची सगळी भीती, सगळी मोजणी, गुणाकारासकट, त्या माणसाच्या हातात उघडी पडली होती आणि त्याला एक अक्षर लागत नव्हतं. तो पानं उलटत राहिला. मग थांबला. एक पान दिव्याखाली तिरकं धरलं. पुढचं धरलं. आणखी पुढचं. वही माझ्याकडे फिरवली.

कोपरा दुमडलेला, वर नखाची चंद्रकोर. पानामागून पान.

“पुस्तकांनाही हेच करता?”

मी कधीच करत नाही, असं म्हणणार होतो. मग वहीकडे पाहिलं आणि म्हणालो, “माझ्या बायकोला फोन लावा.”

न्यू जर्सीत दुपार होती, हेस्टर शाळेत होती. ग्रंथालयात ती इतकी मोठ्याने बोललेली मी कधी ऐकली नव्हती. रिसीव्हर स्ट्रँडच्या कानाला आणि आवाज खोलीभर.

“बाई, तुमचे यजमान वाचताना पानांचं काही करतात का?”

“कुठल्या ग्रंथालयातून बोलताय तुम्ही?”

“ग्रंथालय नाही, बाई…”

“आवडलं की कोपरा दुमडतो आणि वरून नखाने दाबतो! वीस वर्षं सांगतेय. त्याला कळतही नाही, नाहीच म्हणेल तो. किती पुस्तकं बिघडवली? दंड सोडू नका. गयावया करेल, ऐकू नका.”

“पुस्तकं नाहीत. पत्ते.”

मग बारीक आवाजात, “कसले पत्ते?”

स्ट्रँडने रिसीव्हर ठेवला आणि पहिल्यांदाच जरा हसल्यासारखं केलं. पण ते टिकलं नाही.

“खोड आहे, मानलं. मग जिंकत कसे होतात? खोडीने कोणी जिंकत नाही. दिसत होत्या ना खुणा तुम्हाला?”

ग्राशी माझ्याकडे बघत होती. कार्ड अजून त्याच्याच बाजूला होतं.

“मोजतो,” मी म्हणालो.

त्याने नवा कॅट फोडला, स्वतः पिसला, एक पत्ता पालथा बाजूला ठेवला आणि बाकीचे एकावन्न भराभर उलटत गेला. माझे दात वाजत होते, पण बेरीज वाजत नव्हती. “राहिलेला मोठा आहे,” मी म्हणालो. “एक्का नाही. चारही येऊन गेले.” त्याने उलटला. चौकटची राणी.

“आणि रोज ग्राशीच का?”

तेव्हा मला दिसलं की उत्तर दिलं नाही तर सगळं तिथेच राहतं. आणि दिलं तर काय होईल तेही दिसलं. तिच्याकडे न बघता सांगितलं.

“तिची बोटं दुखतात. म्हणून ती कमी वेळा पिसते. तिने मला मदत केली नाही. तिला माहीतही नव्हतं. मी तिच्या दुखण्यावर खेळत होतो.”

शीतकपाट बंद पडून पुन्हा सुरू झालं.

“ग्राशी?” स्ट्रँड म्हणाला.

तिने हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि मग कार्ड बनातीवरून सरकवावं तसं तिच्याकडे सरकवलं. “उद्यापासून दर दुसऱ्या डावाला पिसायचं. सगळ्यांसारखं. जमेल तेवढे दिवस बघू.”

कार्ड चपटं होतं, उचलताना तिच्या बोटांतून दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिने ते टेबलाच्या कडेपर्यंत ओढून घेतलं.

“चौदा महिने घरी बसले होते मी, टिम,” ती उठताना म्हणाली. “तेव्हासुद्धा कोणी माझी बोटं मोजली नव्हती.”

पोलिस आले, कॉफी पिऊन गेले. माझा फोटो काढला. तो आता या गावातल्या प्रत्येक क्लबात लागेल. मला कोणी हात लावला नाही.

विनेमका, बुधवार, १ फेब्रुवारी

बस वीस मिनिटं थांबली आहे. हेस्टर फोनवर म्हणाली, “विमानाने नको. बसने ये. चार दिवस लागतील ना? मला तेवढे हवेत.” ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खोलीतल्या हातोड्याची भीती मला सोसली. ही वेगळी आहे.

हे ग्राशीचं गाव. पेट्रोल पंप, धान्याची उंच कोठारं, वाऱ्याने आडवी झालेली झुडपं. मेंढ्या दिसल्या नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी खानावळीत गेलो होतो. ग्राशी आली नाही. वाढणाऱ्या बाईने सांगितलं, ती आता कामाची पाळी संपली की सरळ घरी जाते, बर्फाची बादली घेऊन. मी पाकिटात चिठ्ठी घालून ठेवली होती. ती न देता उठलो. चिठ्ठीत काय होतं ते वाचून मलाच लाज वाटली.

वही पहिल्यापासून चाळली. मोजणीचं शास्त्र लिहिलंय ते पान साफ आहे, कोपरा सरळ. ग्राशीने ‘एक हात!’ म्हटलं ते दुमडलेलं. बर्फात बोटं बुडवली ते दुमडलेलं. कोंबडीचं दुमडलेलं. हेस्टरच्या अकरा कोपऱ्यांचंही. मी ते नखाने सपाट करून पाहिले. स्ट्रँड मला सोडताना म्हणाला होता ते खरं आहे, वळी एकदा पडली की जात नाही. म्हणून तर त्याने तेराही कॅट कापून टाकायला दिले.

ही वही हेस्टरला वाचून दाखवायची आहे. कुठली वाक्यं गाळता येतील ते सॉल्ट लेकपर्यंत ठरवणार होतो. बोटांचं गाळणार नाही, एवढं आत्ताच लिहून ठेवतो.

ड्रायव्हर हाक मारतोय. वही मिटायला घेतली तर अंगठा कोपऱ्यावर जाऊन बसलेला. दुसऱ्या हाताने धरून तो बाजूला केला.